सांगलीत ऊन, पाणी मात्र वाढतंय

मावशी, जय ख्रिस्त.

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सांगलीत, परीक्षा शिवाजी विद्यापीठाची. गाव जत तालुक्यात. आई अंगणवाडी सेविका, वडिलांची डाळिंबाची छोटी बाग. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे लहानपणापासून संडे स्कूल, गायन, नाताळचं नाटक, सगळीकडे मी पुढे. इथं आल्यापासून मात्र काहीच धड राहिलेलं नाही. एखाद्या दिवशी वाटतं, प्रभू अगदी खोलीत येऊन बसलाय. दुसऱ्या दिवशी बायबल उघडावं तर अक्षरं नुसती अक्षरं. फिजिकलच्या पेपरला एटीकेटी लागली तेव्हा तर प्रार्थनाच नकोशी झाली. तीन रविवार चर्चला गेले नाही. गेले तरी शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत मागच्या दाराने निघते, कारण बायका विचारतात, 'कुणाची गं तू?'

रात्री नऊला आईचा फोन येतो. 'प्रार्थना केलीस?' मी 'हो' म्हणते. निम्म्या वेळा ते खोटं असतं.

रूममेट चांगल्या आहेत, पण 'तू ख्रिश्चन वाटत नाहीस', 'तुम्ही घरी इंग्लिश बोलता का', 'आडनाव तर आपल्यातलंच आहे', असलं रोज काहीतरी असतं. उत्तरं देऊन दमले. आता हॉस्टेलचा गणपती येईल. गेल्या वर्षी मी मोदक घेतला आणि आठवडाभर झोप लागली नाही.

गेले सहा आठवडे मी रोज झोपताना वहीच्या मागच्या पानावर अधिक किंवा उणे मांडते. देवाजवळ वाटलं तर अधिक, नाही तर उणे. 42 दिवसांत 17 उणे आलेत. पानाचा फोटो पाठवतेय. रविवारी रात्री मेस बंद असते म्हणून निवांत वेळ मिळतो, भडंग खाऊन मी ठरवून वाचायला बसते, पण दहा मिनिटांत डोकं जड होतं. मी नुसती नावाची ख्रिस्ती आहे का?

— अधिक-उणे, सांगली

---

अधिक-उणे, जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या पानाचा फोटो चारदा. पत्रात तू स्वतःवर इतके आरोप ठेवलेस की एखादा वकीलही दमेल. पान मात्र सरळ आहे. त्यावर तारखा आहेत, वार नाहीत. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीने वार घातला. निवृत्त माणसाला असली कामं आवडतात.

17 उण्यांपैकी 6 रविवार निघाले. म्हणजे सहाच्या सहा. 5 निघाले बुधवार. उरले 6. त्यातले दोन तुझ्या तापाचे (तू तारखेशेजारी बारीक अक्षरात 'ताप' लिहिलंयस), एक निकालाचा. बाकीच्या तिघांचं मला काही कळलं नाही. राहू देत, तेवढे कुणाचेही असतात.

रविवार बघून तुझ्या पोटात गोळा येईल हे मला ठाऊक आहे. प्रभूचा वार, आणि त्याच दिवशी उणे! पण जरा थांब. तीन रविवार तू चर्चला गेली नाहीस, ते उणे हे समजू शकतं. उरलेले तीन रविवार तू गेली होतीस, आणि तेही उणेच आहेत. मग चर्चचा काय संबंध? सहाही रविवारांना धरून असलेली एकच गोष्ट तुझ्या पत्रात आहे आणि ती तू जाता जाता लिहून गेलीस. रविवारी रात्री मेस बंद असते.

मेसचं गणित मला चांगलं माहीत आहे, मीही दोन वर्षं हॉस्टेलला काढली आहेत. रविवारी दुपारी फीस्ट. पुरी, बटाट्याची भाजी, वाटीभर श्रीखंड, वर आणखी एक वाटी कारण पैसे भरलेत. त्यानंतर थेट सोमवारी सकाळचे पोहे. मधे वीस तास. भडंगाला मी नावं ठेवणार नाही, सांगलीत राहून ठेवली तर लोक मला गावाबाहेर काढतील. पण मूठभर चुरमुऱ्यावर, धुणं-इस्त्री करून दमलेल्या अंगाने, रात्री साडेनऊला तू स्तोत्रसंहिता उघडतेस, डोकं जड होतं, आणि तू वहीत काय लिहितेस? देव लांब गेला.

बुधवारचंही तसंच असणार, माझा अंदाज सांगते. गुरुवारी प्रॅक्टिकल असेल आणि बुधवारी रात्री दीड-दोनपर्यंत जर्नल लिहिणं चालत असेल. चुकत असेन तर कळव.

तू जतची, तुमच्याकडे पाण्याची काळजी म्हणजे टँकर आला की नाही. इथली काळजी उलटी. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'कसं काय' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती फूट?' विचारतो. 1929 सालचा पूल, पण या शहराची नाडी अजून तिथेच बघतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. नवख्या माणसाला कळत नाही ते असं की सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं, गच्चीवरचे कपडे कडक वाळलेले असतात, आणि पुलाखालचा आकडा वाढत असतो. कारण पाऊस इथला नसतोच. तो महाबळेश्वरला, नवजाला, कोयनानगरला कोसळून गेलेला असतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, तिथून खाली सरकतं, आणि हरिपूरला वारणाही येऊन मिळते. म्हणून मुरलेला सांगलीकर डोक्यावरचं आभाळ बघत नाही, कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे ते विचारतो. तू मात्र रोज रात्री आयर्विनवर उभी राहतेस, खाली वाकून पाणी बघतेस आणि म्हणतेस, माझंच काहीतरी पाप असणार.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला पाठ असेल, नाटकातही केली असशील. कर्मेल डोंगरावर केवढा पराक्रम, आणि लगेच पुढच्या अध्यायात हा माणूस रानात एका रतामाच्या झुडपाखाली 'आता मरण दे' म्हणत आडवा. देवदूत आला. त्याने ना शास्त्रभाग वाचून दाखवला, ना विश्वासाची परीक्षा घेतली. निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाणी होतं. ऊठ, खा. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला. देवदूताने परत उठवून परत खायला लावलं. होरेब डोंगर आणि देवाची ती मंद वाणी हे सगळं त्याच्यानंतरचं. आपल्याकडे उपदेश होतात ते मंद वाणीवर. भाकरीवर अर्धा तास बोललेला पाळक मी अजून ऐकलेला नाही. बोलायला हवं.

माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. त्या हॉस्पिटलाची मुहूर्तमेढ रोवणारे डॉ. वॉनलेस कॅनडातून 1889 साली या भागात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं. मिशनरी खरे, पण हातात शस्त्रक्रियेची हत्यारं. त्यामुळे आमच्या घरात आत्मा आणि शरीर असे दोन वेगळे कप्पे कधी नव्हतेच. आईची नाइट लागली की सकाळी ती घरी यायची, पायातले पांढरे बूट दाराशी काढायची, खाटेशेजारी गुडघे टेकायची आणि तशीच, डोकं गादीवर ठेवून, झोपून जायची. मी शाळेत जाताना तिला उठवून नीट झोपवायचे. एकदा मी, बारा-तेरा वर्षांची शहाणी, तिला म्हणाले, 'आई, तुझी प्रार्थना अर्धीच राहिली.' ती डोळे न उघडता म्हणाली, 'त्याला माझा ड्यूटी चार्ट माहीत आहे.'

तुझा टाइमटेबलही त्याला माहीत असावा असं धरून चाल. बुधवारी रात्री जर्नल असेल तर दोन ओळींची प्रार्थना कर आणि लिहायला बस. रविवारी रात्री वाचू नकोस, सकाळी वाच. आणि ती वही? फाडून टाक असं मी म्हणणार नाही, मला ती आवडली. पण आणखी दोन रकाने आखून घे: काय खाल्लं, किती तास झोपले. महिनाभर मांड आणि मग मला फोटो पाठव.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. पोटभर जेवून, नीट झोपूनही दोन-तीन आठवडे उणेच येत राहिले, कशातच रस वाटेना, झोप उडाली, किंवा एलीयासारखं 'आता नको' वाटायला लागलं, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण समजून एकटी गुडघ्यावर बसू नकोस. डॉक्टरकडे जा. 14416 हा टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मधुमेहाला गोळी घेणारा ख्रिस्ती माणूस अविश्वासू ठरत नाही. मग मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय कशाला?

एटीकेटीबद्दल फार लिहीत नाही. ती विद्यापीठाने दिलेली सोय आहे, दहा आज्ञांमध्ये तिचा उल्लेख नाही. फॉर्म वेळेत भर, मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडव.

रूममेटचं मात्र मला मनापासून समजलं. 'ख्रिश्चन वाटत नाहीस' हे वाक्य मी गेली साठ वर्षं ऐकतेय. रेशन दुकानात, स्टाफरूममध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, हातात मसालेभाताचा घास असताना. लोकांच्या डोक्यात सिनेमातली ख्रिश्चन बाई असते, फ्रॉक घातलेली आणि 'मॅन' म्हणणारी. नऊवारीतली आजी 'उपासना संगीत' उघडून पेटीवर अभंग म्हणते हे त्यांनी बघितलेलं नसतं. तरुणपणी मी चिडून लांबलचक उत्तरं द्यायचे. आता एवढंच म्हणते, 'नारायण वामन टिळक माहीत आहेत ना शाळेतल्या कवितेमुळे? त्यांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, आणि शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले.' हाच माणूस 1917 साली शेजारच्या साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' मांडून बसला होता, ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात करायची म्हणून. एवढं सांगितलं की समोरचा माणूस एक तर गप्प होतो, नाही तर खरंच गप्पा मारायला लागतो. दुसऱ्या प्रकारचे निम्मे तरी निघतात.

पण तू दमलीस ती प्रश्नांमुळे नाही. खोलीत तू अख्ख्या ख्रिस्ती समाजाची प्रवक्ती आहेस आणि घरी फोनवर आदर्श लेक आहेस. दोन्हीकडे ड्यूटी, सुट्टी कुठेच नाही. रूममेटने इंग्लिशचं विचारलं की कधीतरी नुसतं म्हण, 'बाई, मला फिजिकल केमिस्ट्री इंग्लिशमध्ये कळत नाहीये, घरी कुठलं बोलतेस!' प्रत्येक उत्तर म्हणजे साक्ष नसते.

मोदकाचं. मंडळी-मंडळीत मतं वेगळी आहेत, तुझ्या पाळकांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल, आणि त्यांना विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. हा वाद नवा मात्र नाही. पौलाने करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय सगळा याच विषयावर आहे, शांतपणे वाच. मला विचारशील तर, घ्यायचा नसेल तर हसून 'मला नको गं' म्हण, त्यावर प्रवचन देऊ नकोस. घेतलास तर त्या मुलीच्या मायेखातर घेतलास असं समज आणि पुढे आठवडाभर स्वतःवर खटला चालवू नकोस. नाताळात तू फराळाचा डबा आणशील, तेव्हा करंजी खाताना त्या पोरी झोप उडवून घेतात का, बघ. आरतीला उभं राहायचं की नाही ते तुझं तू ठरव. खोलीत अभ्यास करत बसलीस तर कुणी वाईट वाटून घेईल असं तुझ्या वर्णनावरून तरी वाटत नाही.

चर्चच्या मागच्या दाराबद्दल माझी थोडी तक्रार आहे. 'कुणाची गं तू' हा प्रश्न तुला चौकशी वाटतो. वाटणारच, आमच्या बायकांचा आवाजच तसा असतो. पण उत्तर देऊन तर बघ. येत्या रविवारी आशीर्वाद होईपर्यंत थांब, अंगणात ये, महिला संघातली एखादी चष्मेवाली, मोठ्या पर्सवाली बाई शोध आणि सांग: 'जतकडची आहे, हॉस्टेलला राहते, रविवारी रात्री आमची मेस बंद असते.' बाकी काही बोलायची गरज नाही. काय झालं ते मला कळव.

आता आईचा फोन. 17 उण्यांतलं एकही मला उणं वाटलं नाही, पण हे 'हो' खटकलं. पाप म्हणून नाही. खटकलं अशासाठी की त्या एका शब्दामुळे घरचं एकुलतं एक माणूस, जे रोज न चुकता नऊला तुझ्यासाठी फोन हातात घेतं, ते तुझ्यापासून तुटलंय. ती बिचारी एका भलत्याच मुलीशी बोलते आणि निश्चिंत झोपते.

म्हणून कबुलीजबाब देऊ नकोस. 'आई, माझा विश्वास डळमळलाय' असं म्हणालीस तर शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत तुझं नाव जाईल, तालुक्यातल्या सगळ्या मावश्यांचे फोन येतील आणि तू परत 'हो' म्हणायला लागशील. साधं कर. रविवारी नऊला ती विचारेल, 'प्रार्थना केलीस?' तू म्हण, 'नाही गं, आज नाही झाली. मेस बंद होती, भडंग खाल्लंय नुसतं, डोकं दुखतंय.'

मग फोन कानापासून जरा लांब धर. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं करण्यात जिचा जन्म गेला, तिला तिची स्वतःची लेक दर रविवारी उपाशी झोपते हे आत्ता कळतंय. प्रार्थनेचं त्या रात्री निघणारच नाही. पुढच्या रविवारी दुपारच्या एसटीने डबा येईल, कंडक्टरच्या ओळखीने. भाकरी, शेंगाचटणी, आणि रूममेटसाठी म्हणून जास्तीचं काहीतरी. गाडीची वेळ विचारून घे, सांगली स्टँडवर दहा मिनिटं आधी जाऊन थांब. आणि रिकामा डबा परत पाठवताना घासून पाठव, तसाच नको.